कचेरीची वाट

आमच्या घरात दोन जिल्हे आहेत. बोईसरला सालवडच्या बाजूला आमची दहा बाय बाराची खोली. तिथल्या पत्र्याच्या पेटीत जुनं रेशनकार्ड आहे, त्याच्यावर लिहिलंय जिल्हा ठाणे. बापाच्या खिशात आधारकार्ड आहे, त्याच्यावर जिल्हा पालघर. खोली तीच. गटार तेच. रात्री खिडकीतून येणारा केमिकलचा वासही तोच. १ ऑगस्ट २०१४ ला आम्ही झोपून उठलो आणि जिल्हा बदललेला होता.

मी कापडाच्या गिरणीत मागावर उभा राहतो. ठेकेदाराचा माणूस. पाळी बारा तासांची. दहावीनंतर शाळा सुटली, पुढं जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा मी इतिहासकार आहे असा कुणाचा गैरसमज नको. पण दोस्तहो, इतिहास लिहायला पदवी लागते असं म्हणणाऱ्यांच्याच वाडवडिलांनी आपल्याला पाटीपासून लांब ठेवलं होतं. म्हणून लिहितो.

लिहायला बसलो त्याला कारण झाली एक खिडकी.

बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. जातीचा दाखला पाहिजे. एका कचेरीच्या खिडकीवर गेलो. कुठली ते सांगत नाही, तुम्ही तुमच्या ओळखीची खिडकी डोळ्यांपुढं आणा, चालेल. आतल्या साहेबांनी कागद चाळले. म्हणाले, "१० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा." मी म्हणलं, "साहेब, माझा बापच त्याच्यानंतरचा." ते म्हणाले, "मग आजा कुठला?" आजा नगर जिल्ह्यातला, पारनेर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरेना म्हणून इकडं आला. "मग तिकडं जा. दाखला तिकडूनच मिळणार." खिडकी बंद झाली.

नियम तसाच आहे हे मला मागाहून कळलं. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं १० ऑगस्ट १९५० ला निघाली. त्या दिवशी तुमचे वाडवडील जिथं राहत होते तिथल्या अधिकाऱ्यानं दाखला द्यायचा. म्हणजे बघा. ठाण्याचं पालघर झालं. नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं. सगळ्यांनी नावं बदलली. आपण मात्र १९५० सालच्या गावकुसाबाहेर अजून उभे.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "आरं, माझा सासरा तराळ व्हता. सरकारचा वसूल डोक्यावर घिऊन तालुक्याच्या कचेरीला चालत जायाचा. पायात वहाण न्हाई. कचेरीत गेला की बाहीर बसायचा. तवा त्याला कुनी ईचारलं न्हाई तू कुठला म्हून. आन आता तुला ईचारत्यात व्हय?"

त्या रात्री मागावर उभा होतो आणि डोक्यात एकच. कचेरी कुठं असते? ती तिथं कोण ठेवतो? तिच्यापर्यंत कुणाला किती चालावं लागतं? राजे कोण, साहेब कोण, हे नंतर सांगा. आधी कोण किती चाललं ते सांगा. जिल्ह्याचा इतिहास मी असा वाचायचं ठरवलं, आणि ज्या जिल्ह्यात जन्मलो त्याची कचेरी शोधत मागं मागं गेलो.

पहिला मुक्काम सोपारा. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. तिथं मातीचं एक मोठं टेकाड होतं, त्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. बुरूड म्हणजे बांबू सोलून सुपं-टोपल्या विणणारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणलं तर आत स्तूप निघाला. दगडी पेटी निघाली, तिच्यात करंडक, सोन्याची फुलं, बुद्धाच्या मूर्ती. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. पुढं १९५६ साली, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच साली, जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

आठव्या लेखात अशोक काय सांगतो? त्याचं म्हणणं माझ्या भाषेत असं. आधीचे राजे शिकारीला, चैनीला बाहेर पडत. मी राज्यावर बसून दहा वर्षं झाली तेव्हा बोधिवृक्षाकडं गेलो आणि तिथून माझं फिरणं धम्मासाठी झालं. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्यांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या माणसांकडं जायचं, त्यांच्याशी बोलायचं. आता राजा तो राजाच, अशोकाचं राज्य म्हणजे काही आपलं राज्य नव्हे. पण ध्यानात घ्या. या मातीत मला सापडलेला सरकारचा सगळ्यात जुना कागद दगडाचा आहे, सव्वादोन हजार वर्षांचा आहे, आणि त्यात सरकार चालत लोकांकडं जातंय.

त्यानंतर पावलांची दिशा फिरली.

१५३४ च्या तहानं वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. कारभार वसईच्या किल्ल्यातून. किनाऱ्याला कोटांची माळ. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू. १७३९ साली चिमाजी अप्पाच्या फौजेनं तारापूर घेतलं आणि त्याच साली वसई. विजय मोठा, त्यात वाद नाही. पण पेशव्यांच्या राज्यात महाराच्या वाट्याला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वसूल देणाऱ्याची पाठ तीच राहिली, घेणाऱ्याचा हात बदलला. १८१७-१८ च्या लढाईनंतर इंग्रज आले आणि मोठी कचेरी ठाण्याला बसली. ती पुढं जवळजवळ २०० वर्षं तिथंच बसली.

इंग्रजांच्या वेळी आपल्या तालुक्याचं नाव पालघर नव्हतं, माहीम होतं. मुंबईतलं नव्हे, केळवे-माहीम. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात तालुका माहीम असाच आहे. पण १८६० च्या दशकात मुंबई-सुरत रेल्वे झाली आणि रूळ समुद्रापासून आत पडले. स्टेशन पालघरला. बंदराची रया गेली. पुढं कचेरीही रुळाजवळ आली आणि तालुक्याचं नावही पालघर झालं. म्हणजे आधी बंदर, मग कोट, मग स्टेशन. माल जिथून जातो तिथं कचेरी येते. माणसं जिथं राहतात तिथं ती आपणहून येत नाही.

आता नकाशा काढा. पश्चिमेला समुद्र. त्याच्या काठाला बंदरपट्टी, तिथं मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ. मधून रेल्वे आणि अहमदाबादकडं जाणारा हायवे. पूर्वेला जंगलपट्टी, चढत चढत सह्याद्रीपर्यंत, तिथं वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी. वैतरणा आणि सूर्या डोंगरातून निघतात, सूर्या वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला. पाणी पूर्वेकडून पश्चिमेला वाहतं. पैसा उत्तरेहून दक्षिणेला, मुंबईकडं. आणि वसुलाचं ओझं घेऊन माणूस पायी कचेरीकडं.

ते ओझं नेणारा कोण? इथला असो की पारनेरचा, मुंबई इलाख्यात ते काम बहुतेक गावी महाराचं. वतन म्हणून. टपाल न्यायचं, वसूल पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, बोलावलं की रात्री-अपरात्री हजर. बदल्यात थोडी जमीन आणि घरोघरची भाकर. १८७४ च्या वतन कायद्यानं हे पक्कं बांधलेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याच्यावर बिल आणलं, कारण त्यांना दिसत होतं की हे वतन म्हणजे सरकारी शिक्क्याची वेठ आहे. बिल पार पडलं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ ला. १ ऑगस्ट. आपला जिल्हा झाला ती तारीख. अण्णाभाऊंच्या जन्माची तारीख. महसूल खातं आपला महसूल दिनही याच तारखेला करतं. त्या दिवशी कुठल्या कचेरीत वसूल वाहणाऱ्या तराळाला कुणी हार घातलेला मी पाहिला नाही.

म्हणून म्हणतो, कचेरीची वाट आपल्या पायांनी पाडलेली आहे. फक्त आत जायची परवानगी नव्हती.

पण जंगलपट्टीची गोष्ट आपल्यालाही नीट ठाऊक नाही, हे कबूल करा. तिथं वारली सावकार-जमीनदाराकडं वेठ करत होता. लग्नाला कर्ज काढलं की तो लग्नगडी झाला, नवरा-बायको दोघं जमीनदाराच्या दारात, कर्ज फिटतच नाही. २३ मे १९४५ ला झरीला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, एवढा साधा निर्धार. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. वेठ मात्र मोडली. आपण महाडचं तळं तोंडपाठ सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण घरापासून दोन-तीन तासांवर लोकांनी गुलामी मोडली, ती तारीख आपल्यातल्या किती जणांना येते?

त्याच्या तीन वर्षं आधी, १४ ऑगस्ट १९४२ ला, लोक पालघरच्या कचेरीवर चालून गेले होते. चले जावची हाक होती. आसपासच्या गावांतून मोर्चे आले. गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामचंद्र तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी आणि सालवडचे सुकूर मोरे, असे पाच जण पडले. पालघरच्या हुतात्मा चौकाला लोक पाचबत्ती म्हणतात ते या पाचांमुळं. सालवड माझ्या खोलीजवळ. रोज पाळीला जाताना त्या गावाच्या अंगावरून जातो, पण सुकूर मोरे हे नाव मी पंचविसाव्या वर्षी वाचलं. वाचलं तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. आजीच्या सासऱ्यासारखी माणसं कचेरीकडं ओझं घेऊन जायची. हे पाच जण रिकाम्या हातानं गेले, मागायला. रस्ता तोच, चाल वेगळी.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? जव्हारचं संस्थान १९४८ ला विलीन झालं. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरीकडची गावं इकडं राहिली. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरला देशातली पहिली अणुवीज सुरू झाली. सत्तरच्या दशकात बोईसरला एमआयडीसी आली. माझ्या आजासारखी माणसं दुष्काळातून इथं आली आणि साच्यावर, मागावर, भट्टीवर उभी राहिली. पुढं अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०१८ सालच्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना आकडे दिले तेव्हा तारापूरला ९३.६९ मिळाले, सगळ्यांत जास्त. परीक्षेत एवढे मार्क पडले असते तर पेढे वाटले असते. कारखान्यांच्या पाण्यानं मासळी गेली म्हणून मांगेला समाजाची परिषद २०१६ साली हरित लवादाकडं गेली. आपण त्या कारखान्यांत पोट भरतो. तेच पाणी त्यांचं पोट मारतं. हा पेच आपण आपल्या बैठकीत कधी घेतला?

आणि एवढं सगळं उभं राहत होतं तेव्हा डोंगरात काय होतं? १९९२-९३ ला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं मेली. राज्यभर गवगवा झाला, मंत्री आले, आणि मग जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालय बसलं. पोरं मेली तेव्हा कचेरी दोन पावलं पुढं सरकली. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण दुसरं कसं लिहू?

फुटण्याआधी ठाणे जिल्हा १५ तालुक्यांचा होता. तलासरीच्या माणसाला कलेक्टरकडं जायचं तर शंभराच्या वर किलोमीटर. एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं, साहेब मीटिंगला, उद्या या. उद्या म्हणजे दुसरी मजुरी. जिल्हा फोडा ही मागणी किती वर्षं चालली आणि शेवटी २०१४ ला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. आठ तालुके. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. २०११ च्या मोजणीत इथली वस्ती सुमारे ३० लाख, त्यात आदिवासी सुमारे ३७ टक्के. पण १३ लाखांहून जास्त लोक एकट्या वसई तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात.

मुख्यालय कुठं? जव्हारला करा, असं डोंगरातले लोक जोरात म्हणत होते. झालं पालघरला. सात वर्षं कारभार गावातल्या दुसऱ्या जागांतून चालला. मग १९ ऑगस्ट २०२१ ला पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला नव्या इमारतींचं उद्घाटन झालं. त्या सिडकोनं बांधल्या. बदल्यात सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमिनीतली बरीचशी सिडकोला नवं शहर वसवायला मिळाली. बंदर, कोट, स्टेशन, आणि आता प्लॉट. माल बदलला, रीत तीच.

मी म्हणत नाही की जिल्हा होऊन काही झालं नाही. तलासरीच्या बाईला ठाणं गाठावं लागत नाही, हे कमी नाही. पण मोखाड्याच्या माणसाला अजून पहाटेची एसटी धरावी लागते. दिवाळीनंतर तोच माणूस बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, भिवंडीला, वसईला. कचेरी त्याच्या पाड्याजवळ आली तरी तो पाड्यावर असायला नको का? सूर्येचं धरण त्याच्या डोंगरात, पाणी वसई-विरारच्या नळाला. मोखाड्यात मध्य वैतरणा, पाणी मुंबईला. पाणी मुंबईला पोचतं, आणि उन्हाळ्यात काठावरच्या पाड्यांत बाया हंडा घेऊन चालतात.

इथं एक अवघड गोष्ट बोलायची आहे. गाव म्हणजे काय हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं. गावाचं गोडवं गाणाऱ्यांना त्यांनी झोडपलं आणि घटनेचा पाया गाव नाही, माणूस धरला. ते आपल्या पाठीवरच्या वळांमधून आलेलं होतं. आपल्याला गावच्या पंचांनी न्याय दिला नाही, म्हणून लांबची का होईना, कचेरी हाच आपला आधार. पण आदिवासीचा अनुभव उलटा. त्याला कचेरीनं, जंगल खात्यानं, सावकाराच्या कागदानं लुटलं. त्याचा आधार पाडा. १९९६ च्या पेसा कायद्यानं त्याच्या ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम २०१४ च्या मार्चमध्ये आले, जिल्हा झाला त्याच साली. त्या नियमांनी एखादा पाडाही स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो. ही मोठी गोष्ट आहे. आपण ग्रामसभा म्हटलं की पाटील आठवून नाक मुरडतो. तो कचेरी म्हटलं की अंग चोरतो. दोघंही आपापल्या जागी खरे. पण दोघं एकमेकांना हे सांगत नाहीत तोवर खिडकीच्या आतल्या माणसाचं बरं चाललंय.

बहिणीच्या दाखल्याचं काय झालं ते सांगतो. तीन खेपा झाल्या, तीन खाडे पडले. शेवटी एका जुन्या रेकॉर्डच्या खोलीत कोतवाल बुक सापडलं. गावातला जन्म-मृत्यू त्यात लिहीत. पान पिवळं, अक्षर मोडी. मला मोडी येत नाही, तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. पणज्याचं नाव, पुढं मुलगा झाल्याची तारीख, पुढं जात, महार. ज्या वहीत आपल्याला हलकं म्हणून लिहिलं तीच वही आज पुरावा झाली. मला रडू आलं की राग आला, सांगता येत नाही. नक्कल घेऊन आलो. तोवर त्या सालचं ॲडमिशन गेलं होतं. बहीण पुढच्या सालाला लागली. ते एक साल कुणाच्या नावावर लिहायचं, त्याची वही अजून निघालेली नाही.

तर दोस्तहो, कविता लिहा, जयंत्या करा, मीही नाचतो. पण त्याबरोबर दोन कामं धरा. आपल्या वस्तीत एक पेटी करा आणि घरोघरचे जुने कागद गोळा करून त्यांच्या नकला तिच्यात ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून गावांची, वाडवडिलांची नावं लिहून घ्या. आणि महिन्यातून एक सुट्टी जंगलपट्टीत काढा. तिथल्या माणसाबरोबर खिडकीवर उभे राहा, मग त्याच्या ग्रामसभेत मागं बसून ऐका. बोलू नका, ऐका.

पहिल्यांदा मी जव्हारकडच्या एका पाड्यावर गेलो तेव्हा एक वारली बाबा हात जोडून म्हणाले, "जोहार." मी दचकलो. आमच्यात हा शब्द पणजा पाटलापुढं वाकून म्हणायचा आणि चळवळीनं तो टाकून दिला, म्हणून आपण जयभीम म्हणतो. पण हे बाबा ताठ उभे होते, आणि आपल्या बरोबरीच्याला म्हणावं तसं मला म्हणत होते. मी क्षणभर थांबलो. मग म्हणालो, "जयभीम बाबा. जोहार."

ते म्हणाले, "बस. लांबून चालत आलास."